आईचे सरळ टाके

१९ ऑक्टोबर

प्रिय बब्बड,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं मी धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल तीन ओळी आहेत आणि मी कसं वागावं याबद्दल तीन पानं.

हे पत्र लिहायला कारण एक नाही, चांगली सात-आठ आहेत, आणि ती सगळी या क्षणी समोरच्या खोलीत पसरलेली आहेत. फोनवरच बोलले असते. पण फोन वाजला की आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी येते, तू काय म्हणालीस ते मला विचारते आणि मी काय म्हणायला हवं होतं ते मला सांगते. तेव्हा पत्रच बरं. आत्ता ती आत पडली आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि माझं डोकं चांगलंच तापलेलं आहे.

माझं कापायचं टेबल गेले पाच आठवडे माझं राहिलेलं नाही. त्यावर आईची गोधडी आहे. तुझ्या लेकीला वसतिगृहात न्यायला हवी म्हणून तिने मनावर घेतलं, ते ठीक. पण साधी चौकोनी ठिगळांची गोधडी तिला आता चालत नाही. नातीची गोधडी पानांची हवी. खऱ्या पानावरून खडूने आकार काढायचा, तसं कापड कापायचं, ते बसवून त्याच्याभोवती धावदोरा घालायचा, मग त्या ओळीभोवती दुसरी ओळ, तिसरी ओळ, असं करत सगळी गोधडी भरत न्यायची. जुने शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, तुझ्या भावोजींची एक पँट जी ते अजून वापरत होते, या सगळ्यांची पानं झाली. मी जमिनीवर बसून कापते. परवा एक बाई दुकान रिकामं आहे असं समजून दारातून परत निघाल्या होत्या. मला टेबलाखालून हाक मारावी लागली.

आणि पानं आणायची म्हणजे फिरायला जायचं. तेही चार वाजता. लोक कपडे टाकायला आणि न्यायला येतात ते नेमके चारनंतर, पण आईच्या मते उन्हं तिरपी झाल्याशिवाय पानाचा खरा रंग कळत नाही. मग दाराला ‘थोड्या वेळात येते’ ही पाटी लावायची आणि कालव्याच्या कडेने निघायचं. माझ्या दंडाला धरून ती इतकी सावकाश चालते की कुत्री फिरवणारे लोक आम्हाला जाताना एकदा ओलांडतात आणि येताना एकदा. प्रत्येक झाडाखाली मुक्काम. वाकायचं मी, पिशवी धरायची मी, आणि पान बोटांनी चाचपून ‘हे नको, किडलंय’ म्हणायचं तिने. घरी आलं की ती पानं जुन्या वर्तमानपत्रात घालून माझ्या इस्त्रीखाली. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अख्खं पान उमटलं, देठासकट. मी दोनदा धुतला, पान गेलं, देठ राहिला.

तुझे भावोजी म्हणाले, महिनाभरात झाडं रिकामी होतील, मग प्रश्नच मिटला. एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आईसाठी दहा सुयांत दोरा ओवून उशीवर टोचून ठेवते. स्वतः ओवत बसलं की वेळ जातो म्हणते. वेळ तिचा जातो. माझा काय, तो तर असाच पडलेला असतो.

तू लिहितेस, ‘ताई, आईला हवं ते करू दे, सारखी मागे लागू नकोस. तिचा हात अजून किती सरळ चालतो. मागच्या गोधडीचे टाके मी इथे सगळ्यांना दाखवले तर कुणाला खरं वाटेना.’ त्या टाक्यांबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. विषय टेबलाचा आहे.

एक काम मात्र कर. तिचं डोकं हल्ली फार दुखतं. कपाळाला पट्टी बांधून शिवत बसते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे चल म्हटलं की मलाच विचारते, मी काय वाकडं शिवते का? माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. पहिल्यापासून तुझंच ऐकत आली आहे. तिला लिही की एकदा दाखवून ये. कारण विचारलं तर डोकेदुखी सांग. बाकी फाटे फोडू नकोस.

लेकीला पापे. जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
पानांत बुडालेली ताई


२ नोव्हेंबर

प्रिय बब्बड,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. त्यात आईसाठी घातलेली चिठ्ठीही मिळाली, आणि ती मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. चष्मा सापडत नाही म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता.

तू काय लिहिलं होतंस ते आठवतंय ना? ‘आई, डोळ्यांचं मनावर घेऊ नकोस. ज्याला दिसत नाही त्याला असे टाके घालता येतील का? ताई मुळातच घाबरट, जरा खुट्ट झालं की डॉक्टर.’ हे मी, माझ्या तोंडाने, माझ्या दुकानात, एका गिऱ्हाइकासमोर वाचलं. आई खूश. ती बाई पण खूश. मी तुला एकच साधी गोष्ट लिहायला सांगितली होती, आणि तू बरोबर उलटी लिहिलीस. बब्बड, लहानपणी तुला दुकानातून मीठ आणायला पाठवलं तर तू साखर आणायचीस आणि वर सगळ्यांची लाडकी व्हायचीस. काही बदललेलं नाही.

हे लिहून मी थांबले आणि उठून पाणी पिऊन आले. चिडून मी हे पानही भरून टाकेन आणि मुख्य गोष्ट पुन्हा राहील. मागच्या पत्रात मी तेच केलं. तुझी चूक नाही. तुला जे माहीत होतं त्यावरून तू लिहिलंस, आणि तुला जे माहीत आहे ते खोटं आहे.

ते टाके आईचे नाहीत. माझे आहेत.

मार्चमध्ये ती तुझी मागची गोधडी शिवत होती तेव्हा तिच्या ओळी भरकटायला लागल्या. आधी थोड्या, मग इतक्या की टाका बोटभर लांब, त्याच्या पुढचा त्याच्यावरच चढलेला, कुठे दोरा फक्त वरच्या थरातून गेलेला आणि अस्तर खाली मोकळं. एक गिऱ्हाईक टेबलावरची गोधडी बघून म्हणालं, हे काम तुमच्याकडचंच का? मला लाज वाटली. सरळ सांगते, आधी लाजच वाटली, आईची काळजी नंतर. दुपारी ती झोपली, मी तिने घातलेली ओळ उसवली आणि पुन्हा घातली. रोज लोकांचे कपडे उसवून शिवते, मला त्यात अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आदल्या दिवसाच्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, हात अजून शाबूत आहे गं माझा. इतकी हसली की मी त्या दुपारीही उसवलं. मग रोजच. तिच्या झोपेची वेळ ती माझी उसवायची वेळ. ती एका दिवसात जेवढं घालते तेवढं मी दुपारी आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी काढून पुन्हा घालते.

तुझी ती गोधडी सगळी माझी आहे. तू गावभर दाखवलीस ती.

आता पुढचं. एप्रिलमध्ये मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तुला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उजवा आधी काढू, लांबवू नका. तर आईने पिशवीतून गोधडी काढली आणि त्यांच्या टेबलावर पसरली. बरोबर घेऊनच आली होती. म्हणाली, तुमचं मशीन काहीही म्हणू दे, हे बघा. बाई वाकून बघत राहिल्या. चांगले टाके आहेत म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, “घरी यांना नीट दिसतं ना?”

मी म्हणाले, “ती शिवते तर रोज.”

एवढंच म्हणाले. धड खोटंही नाही. मला त्या क्षणी बोलायचं होतं, पण आई माझ्याकडे वळून इतक्या अभिमानाने हसत होती, आणि शिवाय, हेही लिहून टाकते, माझ्या डोळ्यांसमोर ऑपरेशननंतरचे ते थेंब आले, दिवसातून सहा वेळा, आणि बंद ठेवायला लागणारं दुकान. लग्नसराईचा हंगाम होता. वाटलं, आत्ता नको, पावसाळ्यानंतर बघू. बाई म्हणाल्या, दोन महिन्यांनी या. आम्ही गेलो नाही.

गेल्या गुरुवारी कालव्यावर ते वळणावरचं मोठं झाड आहे ना, त्याच्याखाली आई थांबली. मान वर करून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “यंदा काय लाल झालंय गं. असं कधी बघितलं नव्हतं.” त्या झाडावर एकही पान नव्हतं. आठवडा झाला असेल रिकामं होऊन. नुसत्या फांद्या.

मी म्हणाले, “हो, फारच लाल.”

सवय झालीय मला, बब्बड. तोंडातून आपोआप येतं. दुसऱ्या दिवशी डोकेदुखीचं निमित्त काढून मी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

उजवा डोळा गेला. पिकलेला मोतीबिंदू आत राहिला, डोळ्यातला दाब वाढत गेला, डोकं दुखत होतं ते त्यामुळेच. आता त्या डोळ्याला काही करून उपयोग नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. डावा अजून वाचेल, पण त्यातला मोतीबिंदू या महिन्यात काढला तर. आई सगळं ऐकून घरी आली, टेबलाशी बसली, ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, त्यांचं मशीन जुनं झालंय.

आता ती ऑपरेशनला नाही म्हणते, आणि नाही म्हणायला तिच्याकडे पुरावा आहे. तो मी रोज दुपारी तिला तयार करून देते. काल मी उसवायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिने सगळ्या ओळी एकमेकींवर घातल्या होत्या, आणि सकाळी तिने हात फिरवला असता तर काय झालं असतं ते माझ्याने बघवलं नसतं, म्हणून कालही उसवलं.

तुझे भावोजी म्हणाले, सांगून टाक. गेले आठ महिने ते बघत होते हेही मला कालच कळलं. पेपराच्या वरून बघत होते म्हणे. मग आधी का नाही बोललात म्हटलं, तर म्हणाले, तू चिडली असतीस.

तुझ्यावर मी आजवर खूप चिडले आहे. आता तुझी पाळी.

ताई


१३ नोव्हेंबर

प्रिय बब्बड,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी. ‘तू तिला सांग. नाहीतर मी फोनवर सांगते.’ ना आशीर्वाद मागितलेस, ना नमस्कार लिहिलास. तू लहानपणापासून कधी इतकं थोडं बोलल्याचं मला आठवत नाही. बरोबरच आहे.

सोमवारी सांगितलं.

सकाळी सुया ओवून दिल्या. तिने नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि म्हणाली, बघ, कालची ओळ. मी म्हणाले, आई, ती मी घातलेली आहे. तिला वाटलं मी मस्करी करतेय. मग मी सगळं सांगितलं, मार्चपासून. किती वेळ बोलले कोण जाणे. मध्ये एक माणूस पँट घेऊन आला, त्याला मी हातानेच जा म्हणून सांगितलं. आईने मला थांबवलं नाही. ऐकताना तिचा अंगठा गोधडीवरून फिरत होता, पण आता ती ओळ तपासत नव्हती, शोधत होती.

“यातलं माझं काय आहे?” तिने विचारलं.

मी बघायला लागले. खरंच बघितलं गं, टेबलाभोवती फिरून, कडा उलटून, प्रत्येक पानाभोवती. मी माझं काम इतकं नीट केलं होतं की तिचा एक टाका मला सापडेना. ती वाट बघत बसली होती. एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवून हा तुझा असं म्हणणं किती सोपं होतं. माझं बोट पुढे गेलंही होतं.

“एखादा कोपरा?” ती म्हणाली.

“नाही आई. काहीच नाही.”

तिने बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं की जेवायची, बाईंनी दिलेले थेंब घातले की मान वर करायची. तुला माहीत आहे ती रागावली की भांडी आपटते. या वेळी तसंही काही केलं नाही. मी त्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकांशी भांडले आणि एका कोटाची बाही उलटी बसवली. ज्या शांततेसाठी मी आठ आठवडे तडफडत होते ती मिळाली होती, आख्खं टेबल रिकामं मिळालं होतं, आणि मी कापत होते ते जमिनीवरच बसून.

चार वाजता ती फिरायला गेली, पण तुझ्या भावोजींबरोबर. त्यांच्या दंडाला धरून. मी दारातून बघत होते. ती त्यांना काहीतरी विचारत होती आणि तो माणूस, जो घरात पेपरातून मान वर काढत नाही, तिला एकेक झाड सांगत होता. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, जे होतं ते. हे रिकामं आहे, याची निम्मी गळलीत, हे अजून पिवळं आहे. आणि ती? ती काय म्हणाली? काही नाही, म्हणाले, फक्त प्रत्येक झाडाला पुन्हा विचारायची, नक्की?

काल सकाळी ती आपण होऊन दुकानात आली. खुर्ची चाचपून बसली. ऑपरेशन करू म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच तारीख, थेंब, कपडे, काय काय न्यायचं ते बडबडायला लागले. तिने हात वर करून थांबवलं.

“पट्टी सोडतील तेव्हा तू नको,” ती म्हणाली. “तू समोर असलीस तर मी काय दिसतंय ते सांगेन, आणि तू हो म्हणशील. मला कळणार कसं?”

मी म्हणाले, आता नाही म्हणणार, शपथ. तर म्हणाली, “तू म्हणशील गं. माझं तोंड बघून म्हणशील.” रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले असते. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोही नेमका डोक्यावर न पडता आधी कानावर पडला, आणि म्हणाली, धाकटीला बोलाव.

बब्बड, रजा मिळत नाही, लेकीची परीक्षा आहे, गाडीला गर्दी असते, हे सगळं मला माहीत आहे आणि एरवी मी ते ऐकूनही घेतलं असतं. या वेळी नाही. चोवीस तारखेला ऑपरेशन आहे आणि पंचवीसला सकाळी नऊ वाजता पट्टी सोडतील. मी दवाखान्यात येणार आहे, पण बाहेरच्या बाकावर बसणार आहे. आत तू जा. तिच्यासमोर उभी राहा, ती विचारेल त्याचं उत्तर दे, आणि तिने नसलेलं काही सांगितलं तर तिच्या तोंडाकडे न बघता नाही म्हण. माझ्याने ते आठ महिन्यांत एकदाच झालं, तेही उशिरा.

तेवीसला संध्याकाळपर्यंत पोच. दार उघडंच असेल.

तुझी ताई